परवलीचा शब्द

पासवर्ड या इंग्रजी शब्दास मराठीत 'परवलीचा शब्द' असा प्रतिशब्द रूढ आहे. ही संज्ञा मूळची लष्करी छावणीतली. रात्रीच्या पहाऱ्यासाठी एक शब्द ठरविला जाई व तो उच्चारल्याखेरीज परतणाऱ्यास आत प्रवेश नसे. इंग्रजी लष्करात अशा शब्दास 'पॅरोल' म्हणत. 'परवल' त्याच्याशी किती मिळताजुळता आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

अशा शब्दाची गरज का भासते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. एप्रिल 1663 मध्ये शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालावर छापा घातला. चौकीवर हटकले असता, आपण बादशाही फौजेतीलच दक्षिणी शिपाई असून नेमल्या जागी चाललो आहोत, असे उत्तर मावळ्यांनी दिल्याचे जदुनाथ सरकार यांनी लिहिले आहे. उत्तर पटण्याजोगे होते, तेवढ्यावर वाट मोकळी झाली. ओळख सांगणे आणि ओळख पटविणे या दोहोंतील अंतर शाहिस्तेखानास बोटे गमावून कळले.

संगणकात पासवर्ड आला तो 1960 च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत. एकाच यंत्रावर अनेकजण काम करू लागल्याने प्रत्येकाचे दप्तर वेगळे राखणे भाग पडले. येथे परवलीचा अर्थ पालटला. छावणीचा शब्द साऱ्या पहाऱ्यास ठाऊक असे. संगणकावरचा शब्द एकट्याचा असतो. नीट उभारलेल्या यंत्रणेत तो खुद्द बँकेजवळही मूळ रूपात नसतो. गणिती प्रक्रियेने बनविलेले त्याचे रूपांतर तेवढे जतन होते. म्हणूनच पहारेकऱ्याने शब्द विचारणे हे त्याचे कर्तव्य होते, पण आज दूरध्वनीवरून पासवर्ड, पिन वा ओटीपी विचारणारा, मग तो स्वतःस कोणीही म्हणवो, भामटाच समजावा.

खालापूर तालुक्यातील साजगाव येथे कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. तेथील सुक्या मासळीचा बाजार प्रसिद्ध आहे. अशा गर्दीच्या बाजारात मोबाइलवरून पैसे घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की ठाऊक करून घ्यावी. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. 'पिन दाबा, म्हणजे पैसे जमा होतील' असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकास पिन दाबताच पैसे आपल्याच खात्यातून जातात.

पासवर्ड कसा असावा, याविषयीचे मतही बदलले आहे. ठरावीक मुदतीने तो बदलण्याची सक्ती नको, लांबी अधिक असावी, असे अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने 2017 मध्ये सुचविले. बोंबील, पायरी, चांदणे, ताक असे परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, तरी लांब व ध्यानात राहणारा पासवर्ड होतो. (हेच चार आता छापले गेले, तेव्हा दुसरे निवडावेत.) बँकेसाठी योजलेला शब्द अन्यत्र वापरू नये. फसवणूक झालीच, तर विनाविलंब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.