मींड आणि यंत्र

वाद्य शिकणें म्हणजे त्याची शक्ति आणि मर्यादा, दोन्ही ओळखणें. हार्मोनियमवर दोन स्वरांमधील मींड निघत नाहीं. अशाच आक्षेपांमुळें ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं त्या वाद्यास बंदी केली, ती १९७१ सालीं शिथिल झाली.

पुढें मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादक चरणजित सिंग यांच्या हातीं विजेचीं नवीं स्वरयंत्रें आलीं. त्यांपैकीं रोलँड टीबी-३०३ हें वस्तुतः बास गिटारीच्या जागीं वाजविण्यासाठीं निघालें होतें. परंतु त्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. हीच सोय रागास उपकारक ठरली. भैरव, ललत, यमन, मालकंस आदि दहा राग त्यांनीं १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेंत नृत्यतालावर बसविले. ती तेव्हां फारशी खपली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली, तेव्हां मात्र परदेशांतील रसिक थक्क झाले. कारण त्याच यंत्रावर शिकागोंत ‘ॲसिड हाउस’ संगीत उदयास आलें होतें, आणि तेंहि १९८७ च्या सुमारास!

पलुसकरांनीं जेथें आश्रम स्थापिला, त्या नाशकांतील विद्यार्थ्याच्या संगणकांतहि आज अशीं यंत्रें आज्ञावलीच्या रूपानें मावतात. तयार ध्वनि चाळून तीं कळत नाहींत. एकच कळ हळूहळू फिरवावी आणि नाद कसा पालटतो तें कानानें पारखावें. तंबोरा जुळवितांना आपण दुसरें काय करतों?