चांदीचे चमचे

धरमतरच्या खाडीत होडी कोठे बुडाली, हे काठच्या कोळ्यालाच विचारावे. सर जॉन फ्रँकलिनच्या बाबतीत इंग्रजांना नेमके तेच रुचले नाही. उत्तरेच्या बर्फातून पॅसिफिककडे जाणारी वाट शोधण्यास १८४५ साली निघालेली त्याची दोन जहाजे १२९ माणसांसह नाहीशी झाली. १८५४ साली डॉ. जॉन रे याने तेथील एस्किमोंकडून, म्हणजे इन्युइट लोकांकडून, चांदीचे काटे-चमचे विकत घेतले. त्यांवर बेपत्ता अधिकाऱ्यांची कुलचिन्हे होती. लंडनने चमचे मानले. पण भुकेल्या खलाशांनी अखेर मृतांचे मांस खाल्ले, ही त्याच लोकांची साक्ष डिकन्ससारख्या लेखकानेही अविश्वसनीय ठरविली. वस्तू खरी, देणारा मात्र खोटा! पुढे सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा निघाल्या. आणि ‘एरेबस’ जहाज २०१४ साली सापडले, तेही इन्युइटांनी पूर्वीच सांगून ठेवलेल्या टापूत.