कॅसिनोतील मानार्थ भोजन : प्रथा, हिशेब आणि खरी किंमत

कॅसिनोत टेबलवर पैसे लावून खेळणाऱ्या ग्राहकास उपाहारगृहातील भोजन, पेये, हॉटेलातील खोली किंवा प्रवासखर्च विनामूल्य देण्याच्या प्रथेस अमेरिकेतील जुगार व्यवसायात ‘कॉम्प’ असे म्हणतात. ‘कॉम्प्लिमेंटरी’ या शब्दाचे हे संक्षिप्त रूप असून त्यास मराठीत ‘मानार्थ’ हा शब्द योजता येईल. तथापि, नाटकाची मानार्थ प्रवेशिका स्नेहापोटी दिली जाते. कॅसिनोतील मानार्थ भोजन मात्र ग्राहक किती रक्कम हरण्याची शक्यता आहे, याचे गणित करून दिले जाते.

प्रथेचा उगम

अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगारास कायदेशीर मान्यता दिली. लास व्हेगासमध्ये पुढे ‘स्ट्रिप’ म्हणून प्रसिद्धी पावलेल्या महामार्गावर १९४१ मध्ये ‘एल रँचो व्हेगास’ हे पहिले मोठे कॅसिनो हॉटेल उघडले. अल्प दरातील बुफे भोजनाची पद्धत याच हॉटेलात त्या दशकात रूढ झाली. भुकेपायी ग्राहक बाहेर जाऊ नये आणि जेवून पुन्हा टेबलकडे वळावा, हा त्यामागील साधा विचार होता. न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी येथे १९७८ मध्ये कॅसिनो सुरू झाल्यानंतर ग्राहकांसाठीची स्पर्धा वाढली. पुढे १९९७ मध्ये हॅराज कंपनीने आपल्या विविध ठिकाणच्या कॅसिनोंसाठी एकच सदस्यपत्र योजना आणली आणि पर्यवेक्षकाच्या मर्जीवर चालणाऱ्या या व्यवहाराची जागा संगणकातील नोंदींनी घेतली.

नोंद कशी होते

यंत्रावरील खेळात प्रत्येक डावाची नोंद आपोआप होते. टेबलवर ती बव्हंशी माणसाकडून होते. खेळाडू बसतेवेळी आपले सदस्यपत्र देतो. पर्यवेक्षक त्याने घेतलेल्या चिप, खेळास बसल्याची व उठल्याची वेळ आणि प्रत्येक डावास लावलेली सरासरी रक्कम टिपून ठेवतो. यातील सरासरी रक्कम हा पर्यवेक्षकाचा अंदाज असतो. सदस्यपत्र न देता खेळलेल्या वेळेची गणना सहसा होत नाही.

भोजन हवे असल्यास खेळाडू पर्यवेक्षकाकडे किंवा ‘होस्ट’ या ग्राहकसेवा अधिकाऱ्याकडे तशी विचारणा करतो. नोंद पुरेशी असल्यास उपाहारगृहाच्या नावे चिठ्ठी मिळते किंवा देयक खात्यावर वळते केले जाते. वाढप्यास द्यावयाची बक्षिशी बहुधा ग्राहकानेच द्यावयाची असते.

हिशेबाचे सूत्र

मानार्थ सवलत प्रत्यक्ष हारजितीवर नव्हे, तर ‘अपेक्षित तोट्या’वर ठरते. सरासरी रक्कम, ताशी डावांची संख्या, खेळाचे तास आणि त्या खेळात कॅसिनोस मिळणारी टक्केवारी यांचा गुणाकार म्हणजे अपेक्षित तोटा. त्याचा ठरावीक भाग, साधारणपणे १० ते ४० टक्के, ग्राहकास सवलतीच्या रूपाने परत दिला जातो. त्यामुळे सारखाच खेळ करणाऱ्या दोघांपैकी एक जिंकला व दुसरा हरला, तरी दोघांच्या नावे जमा होणारी सवलत तत्त्वतः सारखीच असते.

उदाहरणार्थ, एखादा खेळाडू ब्लॅकजॅकच्या टेबलवर प्रत्येक डावास सरासरी २५ डॉलर लावून तासाला ६० डाव याप्रमाणे चार तास खेळला. त्याने एकूण २४० डावांत ६,००० डॉलर लावले. कॅसिनोने आपली टक्केवारी २ धरली, तर अपेक्षित तोटा १२० डॉलर होतो. त्याच्या २५ टक्के म्हणजे ३० डॉलर भोजनासाठी उपलब्ध होतात.

प्रत्येक खेळात ही टक्केवारी वेगळी असते. अनुकूल नियमांच्या टेबलवर, पत्त्यांच्या गणिताने ठरलेली मूलभूत पद्धत तंतोतंत पाळल्यास ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोचा वाटा सुमारे ०.५ टक्का राहतो. बॅकरामध्ये ‘बँकर’वर तो १.०६ टक्के, क्रॅप्सच्या ‘पास लाइन’वर १.४१ टक्के, एका शून्याच्या युरोपीय रूलेटमध्ये २.७० टक्के आणि दोन शून्यांच्या अमेरिकी रूलेटमध्ये ५.२६ टक्के असतो.

फुकट की महाग?

वरील उदाहरणातील खेळाडू अचूक खेळला, तर त्याचा खरा अपेक्षित तोटा ६,००० डॉलरच्या ०.५ टक्के, म्हणजे ३० डॉलर ठरतो. भोजनाचे मूल्यही तेवढेच असल्याने व्यवहार बरोबरीचा दिसतो. याच फटीचा लाभ कसा घ्यावा, हे सांगणारे मॅक्स रुबिन यांचे ‘कॉम्प सिटी’ हे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. भरलेल्या टेबलवर बसल्यास ताशी डाव कमी होतात व प्रत्यक्ष जोखीम घटते, हे त्यामागील मुख्य तत्त्व होय.

मात्र ही बरोबरी कागदावरची आहे. २५ डॉलरच्या २४० डावांत हारजितीचे प्रमाण विचलन सुमारे ४४५ डॉलर असते. म्हणजे ३० डॉलरच्या जेवणासाठी बसलेला मनुष्य त्याच सायंकाळी ४०० डॉलर हरून उठणे ही मुळीच असाधारण गोष्ट नव्हे. शिवाय, आरंभीच्या दोन पत्त्यांत ब्लॅकजॅक आल्यास पूर्वी सर्रास मिळणाऱ्या दोनास तीन या प्रमाणाऐवजी आता अनेक टेबलांवर पाचास सहा हे प्रमाण असते. केवळ या बदलाने कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो आणि वरील खेळातील अपेक्षित तोटा ३० वरून सुमारे ११४ डॉलरवर जातो.

खरा धोका गणिताबाहेरचा आहे. ‘आणखी अर्धा तास खेळलो, तर जेवण मिळेल’ या विचाराने ठरवलेली वेळ आणि रक्कम ओलांडली जाते. जे भोजन ३० डॉलर देऊन सहज घेता आले असते, त्यासाठी त्याच्या कित्येक पट रक्कम पणास लागते.

भारतातील स्थिती

गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांस, तर १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील टेबलखेळांस वाट मिळाली. पणजीजवळ मांडवी नदीतील कॅसिनोंत बुफे भोजन व पेये सहसा प्रवेशशुल्कातच समाविष्ट असतात. म्हणजे तेथील सर्वसाधारण पर्यटकाचे जेवण खेळून मिळवलेले नसते; त्याचे पैसे दारातच भरलेले असतात. प्रवेशासाठी किमान वय २१ वर्षे असून गोव्यातील रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून खेळण्यासाठी प्रवेशबंदी आहे. कॅसिनोंवरील वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिपसाठी भरलेल्या रकमेवर २८ टक्के दराने लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के आहे.

महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी नाही. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा प्रत्यक्ष अमलात कधीच आला नाही आणि तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये घेतला.

जुगार आवरता न येणे हा मानसिक विकार म्हणून वैद्यकशास्त्रात मान्य आहे. अशा व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबीयांना केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळू शकते.