शोधनिकालांचा क्रम आणि सुरतेची साडी

शोधनिकालांचा क्रम शोधणाऱ्याने स्वतः ठरवायचा, ही सोय जुनी आहे. डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या प्रगत शोधात त्यासाठी वेगळी चौकटच होती. काय शोधायचे ते एका चौकटीत लिहायचे आणि कोणते शब्द असलेली पाने वर यावीत ते दुसरीत. दुसरी रिकामी ठेवली तर निकालांना क्रम उरत नसे. त्याच सुमारास याहूच्या सूचीत नावे वर्णानुक्रमाने लागत, म्हणून इंग्रजी 'ए'पासून सुरू होणारी नावे घेण्याचा सपाटा धंदेवाल्यांनी लावला. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तोच तो शब्द लिहून ठेवण्याची युक्तीही याच काळातली. क्रम कसा लागतो हे कळले की त्याचा फायदा घेणारे तयार होतात. पाने शोधात वर आणून देण्याचा, म्हणजे एसईओचा, व्यवसाय त्यातूनच उभा राहिला.

१९९८ मध्ये आलेल्या गूगलने एखाद्या पानाकडे कुठून आणि किती दुवे येतात याला वजन दिले. २००० च्या अखेरीस त्याच्या टूलबारमध्ये पेजरँकचा, म्हणजे दुव्यांवरून ठरणाऱ्या या वजनाचा, शून्य ते दहा असा आकडा दिसू लागला आणि दुव्यांची खरेदी-विक्री जोरात सुरू झाली.

क्रमाची सूत्रे वापरणाऱ्याच्या हाती देण्याचा सर्वांत धीट प्रयोग मायक्रोसॉफ्टचा. नोव्हेंबर २००४ मध्ये चाचणीसाठी खुल्या झालेल्या एमएसएन सर्चमध्ये सरकवण्याच्या तीन पट्ट्या होत्या: पान किती ताजे, किती लोकप्रिय आणि शब्दांशी किती तंतोतंत जुळणारे. एसईओवाल्यांना याहून उपयोगी साधन क्वचितच मिळाले असेल. साड्यांच्या घाऊक विक्रीचे पान घ्यावे, दोन पट्ट्या जागच्या जागी ठेवून लोकप्रियतेची तेवढी खाली आणावी. पान वर चढले तर मजकूर ठीक आहे, दुवे कमी पडतात. खाली घसरले तर ते दुव्यांच्याच जोरावर तग धरून आहे. जे एरवी अंदाजाने ताडावे लागे ते इथे करून पाहता येई. २००५ मध्ये याहूने 'माइंडसेट' या प्रयोगात खरेदी आणि अभ्यास या दोन टोकांमध्ये सरकणारी एकच पट्टी दिली. मायक्रोसॉफ्टच्या आजच्या बिंगमध्ये वा याहूमध्ये यांतले काही नाही, आणि हे शोधणाऱ्याचे खरे नुकसान आहे.

वजने ठरवण्याची सोय मात्र संपली नाही. ती दुकान चालवणाऱ्याकडे गेली. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या ल्युसीनसारख्या शोधप्रणालीत कोणत्या शब्दाला वा रकान्याला किती वजन द्यायचे ते आकड्याने सांगता येते. ऑनलाइन बाजारपेठांचा शोध अशाच वजनांवर चालतो. ग्राहकाच्या वाट्याला 'किंमत कमी ते जास्त', 'नवे आधी' असे मोजके पर्याय येतात.

या बदलाची झळ कुठे पोहोचते ते लिंबायतसारख्या वस्तीत कळते. सुरतेच्या आग्नेयेकडील या दाट भागात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. रिंगरोडचे कापड मार्केट तिथून जवळ. साडीला लेस लावणे, खडे-टिकल्या चिकटवणे, धागे कापणे ही मजुरीची कामे अशा वस्त्यांतल्या घरांतून होतात. मार्केटमध्ये साडी कॅटलॉगवर, रंगांच्या सेटमध्ये विकली जाते, आणि परगावच्या व्यापाऱ्याला आधी कोणत्या दुकानात न्यायचे हे बरेचसे दलालाच्या हाती असते. तोच माल फोनवरून विकायला निघालेल्या छोट्या विक्रेत्यापुढे दलालाच्या जागी यादीचा क्रम येतो. यादी किमतीने लागली की स्वस्त ब्लाउजपीस साडीच्या नोंदीत घुसवून भाव कमी दाखवला जातो. 'नवे आधी' असेल तर जुनेच डिझाइन नव्या नोंदीने पुन्हा चढवले जाते. दोन्हीत गैरसोय ग्राहकाची, आणि सरळ भाव लावणारा मागे पडतो.

भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. वस्तूंचा वा विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य घटकांवर लागतो आणि त्यांचे परस्पर महत्त्व किती, हे बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने सोप्या, समजेल अशा भाषेत सर्वांना खुले ठेवणे त्यांनी बंधनकारक केले. ती माहिती मराठीत वा गुजरातीत असावी असे मात्र नियमात म्हटलेले नाही. सुरत महापालिकेची शिक्षण समिती मराठी शाळा चालवते. त्या शाळांत शिकून धंद्याला लागलेल्याला हा खुलासा त्याच्या भाषेत मिळायला हवा.