काच उभी का नेतात?

आमच्या ऑफिससमोर नवीन इमारत होतेय. अर्थातच काचेची. परवा टपरीवर चहा पीत होतो तर काचांचा टेम्पो आला. मागे ए अक्षराच्या आकाराची लोखंडी चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना काचा टेकवलेल्या. सगळ्या उभ्या. आडव्या का नाही रचत? या प्रश्नात माझा अख्खा वीकेंड गेला.

उत्तर तसं सोपं आहे. आडवी काच मधे लोंबते, आणि रस्त्याचा प्रत्येक दणका तिला वाकवतो. उभी केली की तीच काच कडेवर सगळं वजन आरामात पेलते. पण उभी वस्तू पडते! काचेच्या वाहतुकीचा इतिहास म्हणजे या एका 'पण'शी चाललेली मारामारी आहे.

सुरुवातीला ही भानगड नव्हती, कारण काचा लहान होत्या. १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनला क्रिस्टल पॅलेस बांधला, त्यातली काच बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सनी दिली. सुमारे ३ लाख तुकडे, प्रत्येक ४९ इंच बाय १० इंच. एकाचं वजन जेमतेम दीड किलो! छपरावर काचा बसवायला जोसेफ पॅक्स्टनच्या डिझाईनमधल्या पन्हळींचाच रूळ केला आणि त्यावर चाकांच्या गाड्या फिरवल्या. एका गाडीत दोन कारागीर आणि मदतीला दोन पोरं. ८० माणसांनी एका आठवड्यात १८ हजारांहून जास्त काचा बसवल्या. पावसाचं पाणी जायचं तिथूनच गाडी न्यायची, हे डोकं मला फार आवडलं.

मग आला अॅलेस्टर पिल्किंग्टन. (पिल्किंग्टन कंपनीत होता, पण मालकांच्या घराण्यातला नव्हता. आडनाव-बंधू!) वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगवायची, की दोन्ही बाजू आपोआप सपाट, घासायची-पॉलिश करायची गरजच नाही. १९५२ पासून खटपट, त्यात सलग १४ महिने विकता न येणारी काच काढली, आणि १९५९ मध्ये जगाला सांगितलं. या फ्लोट पद्धतीत काचेचा पट्टा दिवसरात्र, वर्षानुवर्षं बाहेर येत राहतो. भट्टी मनात येईल तेव्हा बंद करता येत नाही. म्हणजे पुढचा माल हलला नाही तर काय, याचा विचार करा. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोड्यूसर थांबतच नाही, कन्झ्युमरनेच धावायचं.

आता युरोपात ठरलेला मोठा 'जंबो' ताव ६ मीटर बाय ३.२१ मीटरचा. ६ मिमी जाडीचा एक ताव सुमारे २९० किलो. म्हणजे दीड बुलेट! असे दहा-दहा एकत्र उचलायचे.

इथे साधी फोर्कलिफ्ट हात टेकते. ती १९१७ च्या सुमाराच्या अमेरिकन क्लार्क कंपनीच्या कारखान्यातल्या गाडीपासून वाढत गेली, आणि पुढे तिचं लग्न लागलं आडव्या पॅलेटशी. सहा मीटर लांब माल समोर आडवा धरला तर गल्लीही सहा मीटरपेक्षा रुंद हवी, म्हणजे गोदामाची निम्मी जागा रस्त्यातच गेली. म्हणून माल कुशीला धरून चालणाऱ्या साइडलोडर आल्या. इंग्लंडच्या लान्सर बॉसने १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यात नाव काढलं. आणि १९९८ मध्ये आयर्लंडमध्ये सुरू झालेल्या कॉम्बिलिफ्टची गाडी चाकं वळवून सरळ खेकड्यासारखी आडवी चालते. वळायचं नाहीच, तर गल्ली रुंद कशाला?

पण खरी गंमत रस्त्यावर आहे. युरोपात बहुतेक देशांत ट्रकची उंची ४ मीटरपर्यंतच चालते. काच उभी ३.२१ मीटर. साध्या ट्रकचा हौदा जमिनीपासून मीटरभरापेक्षा वरच असतो. बेरीज करा, नाही बसत! म्हणून 'इनलोडर' नावाचा ट्रेलर आला. त्याच्या मागच्या चाकांना जोडणारा आडवा कणाच नाही, मधे पोकळ. काच चौकटीवर रचून कारखान्यात जमिनीवरच उभी असते. ट्रेलर मागे मागे येत तिला पोटात घेतो, हायड्रॉलिकने वितभर उचलतो, बाजूने दाबून धरतो आणि २० टनांपेक्षा जास्त काच घेऊन निघतो. फोर्कलिफ्ट लागतच नाही.

जहाजाने मात्र हे जमत नाही. साध्या कंटेनरचं दार सव्वादोन मीटरच्या आसपास उंच. मग काच लहान कापा, नाहीतर छप्पर उघडं असलेला कंटेनर घ्या. काचेचा आकार भट्टीपेक्षा दारंच जास्त ठरवतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं कधी.

आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटचे शंभर फूट? तिथे रबरी सक्शन कप आणि हमालांचे हात. ए चौकटीचा नियम असा की दोन्ही बाजूंनी आलटून पालटून उतरवायचं, नाहीतर भरलेल्या बाजूकडे चौकट कलंडते. आमच्या टेम्पोवाल्यांनी आधी एकच बाजू रिकामी करायला घेतली होती. टेम्पो तिरका झाला, काचा हलल्या आणि पलीकडच्या पोराने सवयीने दोन्ही हात लावले. दहा काचा म्हणजे केवढं वजन, ते वर लिहिलंच आहे.

"हात काढ, पडू दे काच!" मुकादम इतक्या जोरात ओरडला की टपरीवरचे सगळे वळून बघायला लागले. पोरगा मागे सरला. काचा दोरीवर तोलून राहिल्या, पडल्या नाहीत. मग त्यांनी टेम्पो सपाट जागेवर घेतला आणि दुसऱ्या बाजूने उतरवायला सुरुवात केली.