उमेदवारी आणि डिझाइन-व्यवसाय : मुंबई ते अहमदाबाद

'उमेदवार' हा शब्द आज निवडणुकीस उभा राहणाऱ्या किंवा नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या माणसास लावला जातो. एकोणिसाव्या शतकातील कचेऱ्यांत त्याचा अर्थ याहून नेमका होता. जागा रिकामी झाली म्हणजे ती आपणांस मिळेल, या आशेवर बिनपगारी किंवा अल्प वेतनावर काम शिकत राहणारा तो उमेदवार. 'उमेद' या फारसी शब्दाने त्या स्थितीचे यथार्थ वर्णन होते : काम आजचे, मोबदला उद्याचा. डिझाइन-सल्लागार संस्थांमध्ये आज जे विद्यार्थी काही महिने 'इंटर्न' म्हणून काम करतात, त्यांचे नाते या जुन्या उमेदवारीशी जोडता येते. या उमेदवारीचा भारतातील इतिहास पाहताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : शिक्षण, वेतन आणि श्रेय. यांपैकी पहिली गोष्ट बहुधा मिळत गेली. उरलेल्या दोन नेहमीच मिळाल्या असे म्हणता येत नाही.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. त्या काळी डिझाइनचा सल्ला देणारी स्वतंत्र संस्था हा प्रकारच येथे अस्तित्वात नव्हता. त्यामुळे बाहेरचे काम घेणे आणि त्या कामावर विद्यार्थ्यांस शिकविणे, या दोन्ही गोष्टी शाळेकडेच आल्या. १८६५ मध्ये मुंबईस आलेले जॉन लॉकवुड किपलिंग हे वास्तुशिल्पाचे शिक्षक होते. क्रॉफर्ड मार्केटवरील शिल्पकाम त्यांचे आहे. १८७८ ते १८८८ या काळात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या योजनेनुसार व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत उभी राहिली. तिच्यावरील पाने, फुले, पशुपक्षी अशा शोभाकामाचा मोठा वाटा या शाळेच्या विद्यार्थ्यांनी उचलला. वास्तुविशारदाचे नाव सर्वतोमुखी झाले. ज्या हातांनी दगडावर पाने कोरली त्यांची नावे सामान्य वाचकास परिचित नाहीत.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे कामही याच स्वरूपाचे होते. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली शाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांत राहून प्रतिकृती तयार केल्या. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयास १८८५ मध्ये आग लागली आणि त्यांतील अनेक प्रतिकृती नष्ट झाल्या. पुढे १८९६-९७ मध्ये या कामावर आधारलेला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिष्यांपैकी पेस्तनजी बोमनजी यांनी चित्रकार म्हणून स्वतंत्र कीर्ती मिळविली; पण ग्रंथ ओळखला जातो तो ग्रिफिथ्स यांच्या नावाने. विद्यार्थ्यांचे शिक्षण झाले याविषयी शंका नाही. तथापि शिक्षण झाले म्हणून श्रेयाचा प्रश्न मिटतो असेही नाही.

विसाव्या शतकात परिस्थिती पालटली. शाळेत १९३५ च्या सुमारास व्यापारी कलेचा विभाग सुरू झाला, आणि तेथे शिकून बाहेर पडणाऱ्यांस मुंबईतील जाहिरातसंस्थांची दारे उघडी झाली. डिझाइन-सल्लागार संस्थेचे काम मुंबईत काही अंशी या जाहिरातसंस्थांनीच केले. तेथील चित्रशाळेत नवा माणूस अक्षरे रेखणे, मांडणी जुळविणे अशा हलक्या समजल्या जाणाऱ्या कामांपासून आरंभ करी आणि क्रमाने वर चढे. देवनागरी अक्षरांचे मर्मज्ञ र. कृ. जोशी यांचा प्रवास या दृष्टीने लक्षणीय आहे. जे. जे. मध्ये शिकून ते जाहिरात-व्यवसायात शिरले, 'उल्का' या संस्थेत दीर्घकाळ कलासंचालक राहिले, आणि १९८३ मध्ये पवईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात प्राध्यापक झाले. व्यवसायात मिळविलेले ज्ञान अशा रीतीने पुन्हा शिक्षणाकडे परतले.

१९५८ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी जे. जे. तील उपयोजित कला व वास्तुकला यांच्या स्वतंत्र संस्था झाल्या. आणि त्याच वर्षी चार्ल्स व रे ईम्स यांनी भारत सरकारला आपला अहवाल सादर केला. डिझाइनचे शिक्षण, संशोधन व सेवा या गोष्टी एका छत्राखाली याव्यात, हे त्या अहवालाचे सार होय. त्यास अनुसरून १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत गौतम व गिरा साराभाई यांचा वाटा मोठा होता. 'सेवा' या शब्दाचा व्यावहारिक अर्थ संस्थेने बाहेरची कामे स्वीकारणे असा होता. १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेले नेहरूंच्या जीवनावरील प्रदर्शन ईम्स यांनी या संस्थेच्या सहकार्याने सिद्ध केले. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेची इमारतही, लुई कान यांना सल्लागार नेमून, याच संस्थेमार्फत आकारास येऊ लागली. म्हणजे मुंबईच्या कलाशाळेतील जुनी रीतच येथे नव्या, सुविचारित रूपात अवतरली.

उमेदवारीचा शेवट अज्ञातवासातच होतो असे मात्र नाही. मुंबईत शिकलेले अनंत राजे यांनी फिलाडेल्फिया येथे कान यांच्या कचेरीत काम केले. १९७४ मध्ये कान यांचे निधन झाल्यावर अहमदाबादच्या त्याच परिसरातील पुढील कामाची धुरा त्यांनी सांभाळली, आणि तेथील काही वास्तू त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांचे नाव स्टेट बँकेच्या १९७१ च्या बोधचिन्हाशी आजही जोडले जाते. गुरूचे काम शिष्याच्या हाती सोपविले गेले आणि शिष्याचे नाव नोंदले गेले, तेथे उमेदवारीचे पूर्ण फळ मिळाले.

कायद्याची दृष्टी पाहिली म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली त्याच १९६१ साली शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा संमत झाला. त्याने विद्यावेतनाची तरतूद केली. पण त्याच्या अठराव्या कलमाने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे, असेही ठरविले. त्या कायद्यापुढे मुख्यतः कारखान्यांतील व्यवसाय होते; अभियांत्रिकीच्या पदवीधरांचा समावेश १९७३ मध्ये, तर अन्य शाखांच्या पदवीधरांचा २०१४ च्या दुरुस्तीने झाला. दुसरीकडे १९५७ च्या लेखाधिकार कायद्याचे सतरावे कलम असे सांगते की, सेवेच्या किंवा उमेदवारीच्या कराराखाली निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, सामान्यतः मालक-संस्था होय. याप्रमाणे वेतनाच्या प्रश्नात उमेदवार हा कामगार ठरत नाही, आणि मालकीच्या प्रश्नात मात्र तो कामगाराच्याच पंक्तीस बसतो. तरीही त्याच कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने कर्त्याचा एक हक्क अबाधित ठेवला आहे : मालकी दुसऱ्याकडे गेली तरी 'ही कृती माझी' असे सांगण्याचा.

पुढील काळात शिक्षण व सल्ला यांचे क्षेत्र अलग होऊ लागले. १९६९ मध्ये पवईच्या तंत्रविज्ञान संस्थेत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले, जे. जे. व जर्मनीतील उल्म येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांनी त्यास आकार दिला. १९८९ मध्ये अहमदाबादच्या पदवीधरांनी पुण्यात 'एलिफंट डिझाइन' ही सल्लागार संस्था काढली. अशा संस्था वाढल्या तशी उमेदवारी शाळेच्या आवारातून व्यवसायाच्या कचेरीत गेली. शाळेत शिक्षक हा काम देणारा व शिकविणारा अशा दोन्ही भूमिकांत असे. कचेरीत कामाची मुदत, ग्राहकाची निकड आणि शिकणाऱ्याची गरज यांचा मेळ दरवेळी नव्याने घालावा लागतो. नोकरीची संधी येथे अधिक प्रत्यक्ष असते, कारण पुढे नेमणूक करणारा माणूसच उमेदवाराचे काम पाहात असतो. पण त्याच कारणाने उमेदवार वेतन वा श्रेय मागण्यास कचरतो, हेही ओघानेच येते.

डिझाइनचा इतिहास आजवर बहुधा संस्थापक, गुरू व प्रसिद्ध कृती यांच्या आधारे लिहिला गेला. त्याची दुसरी बाजू हजेरीपट, विद्यावेतनाच्या नोंदी, आराखड्यांच्या कोपऱ्यांतील आद्याक्षरे आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल यांतून उभी करता येण्याजोगी आहे. ही साधने संस्थांच्या दप्तरखान्यांत जीर्ण होण्यापूर्वी त्यांची सूची होणे अगत्याचे आहे. दीड शतकापूर्वी बोरीबंदरावर पाने कोरणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव कदाचित आता हाती लागणार नाही. परंतु आज एखाद्या सल्लागार संस्थेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव त्याच्या कामापुढे लिहून ठेवणे हे त्या संस्थेच्या सहज आवाक्यातील आहे.