लोकयुद्ध कोणाचे? दुसरे महायुद्ध, डावे पक्ष आणि नागपूर

दलित चळवळीतल्या कार्यकर्त्याला आयुष्यात एकदा तरी एक प्रश्न ऐकावा लागतो. सारा देश ‘चले जाव’ म्हणत होता, तेव्हा तुमचे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात काय करीत होते? विचारणारा उजवा असेल तर त्याच्या आवाजात उघड तुच्छता असते. १९९७ मध्ये अरुण शौरी यांनी या एका प्रश्नाभोवती जाडजूड ग्रंथ उभा केला. विचारणारा डावा असेल तर तो आवाज जरा खाली आणतो आणि ‘ऐतिहासिक मर्यादा’ असा सभ्य शब्द वापरतो. पहिल्याला उत्तर देण्यात आपली पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. दुसऱ्याशी मात्र आपण नीट बोललेलो नाही. कारण ज्या युद्धाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, त्याच युद्धाला १९४२ साली कम्युनिस्ट पक्षाने पाठिंबा दिला होता आणि रॉयवाद्यांनी तर त्याच्याही आधी. मग ‘साम्राज्यशाहीचा हस्तक’ हा शिक्का एकाच कपाळावर का बसला?

या प्रश्नाचा माग काढायला फार लांब जाण्याची गरज नाही. नागपूर पुरेसे आहे. १९४० ते १९४३ या तीन वर्षांत युद्धाविषयीची जवळजवळ प्रत्येक भूमिका या शहरात येऊन गेली.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. या देशातल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला त्यांनी विचारले नव्हते. हे युद्ध परके होते, ते लादले गेले होते, आणि त्याचा खर्च मात्र इथल्या रयतेच्या माथी येणार होता. महिनाभरात, २ ऑक्टोबरला, मुंबईच्या गिरणी कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. कम्युनिस्टांच्या पुढाकाराने झालेल्या या संपात सुमारे ९०,००० कामगार उतरल्याचे सांगितले जाते. जगात इतरत्र कामगारवर्ग आपापल्या सरकारांमागे उभा राहत असताना मुंबईच्या कामगाराने हे केले. त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. त्यानंतर भारत संरक्षण कायद्याखाली धरपकड झाली आणि अनेक पुढारी राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगात गेले. हे तेच शामराव, जे १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले होते. ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकाच व्यासपीठावर होते. वर्षभरात युद्ध आले आणि वाटा फुटल्या.

जून १९४० मध्ये सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे अधिवेशन नागपूरला भरले. तिकडे पॅरिस पडले होते. इंग्रज अडचणीत आहे, हीच वेळ आहे, असा इथला सूर होता. नागपूरच्या गिरणी कामगारांचे पुढारी रा. स. रुईकर याच गोटातले. त्याच वर्षी डिसेंबरात विद्यार्थी फेडरेशनचे अधिवेशन नागपुरातच भरले आणि तिथे ती संघटना दुभंगली. एका बाजूला कम्युनिस्ट, दुसऱ्या बाजूला समाजवादी व राष्ट्रवादी विद्यार्थी. युद्धाच्या काळात काँग्रेसच्या नेतृत्वामागे कुठवर जायचे, हा वादाचा गाभा होता. युद्ध साम्राज्यशाहीचे आहे याविषयी तेव्हा दोघांचेही दुमत नव्हते.

मग २२ जून १९४१ उजाडला. हिटलरने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले. त्या वर्षाअखेर पक्षाची भूमिका बदलली आणि कालचे साम्राज्यशाही युद्ध आज ‘लोकयुद्ध’ झाले. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठवली. संप टाळा, उत्पादन वाढवा, अशी हाक गिरण्यांतून दिली जाऊ लागली. हा बदल मॉस्कोच्या तारेवर झाला असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्या देशाने त्या युद्धात दोन कोटींहून अधिक माणसे गमावली, त्या देशाच्या पाठीशी उभे राहणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वाटेगावच्या मांगवाड्यातून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी स्तालिनग्राडवर पवाडा लिहिला, तो काही कोणाच्या हुकमावरून नव्हे. व्होल्गाकाठची लढाई आपलीही आहे असे त्या माणसाला मनापासून वाटले, आणि चाळीचाळींतून ते इतरांनाही वाटले. माझी तक्रार भूमिका बदलल्याची नाही. फॅसिझमचा धोका १९३९ मध्येही तेवढाच होता, तो मोजण्याचे माप मात्र इथल्या माणसाच्या हाती नव्हते, ही तक्रार आहे.

बाबासाहेबांचे माप निराळे होते. ऑक्टोबर १९३९ मध्ये मुंबई विधानसभेत युद्धाच्या ठरावावर ते बोलले. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले याचा निषेध त्यांनी केलाच. पण त्याच भाषणात देशाचे हित आणि अस्पृश्यांचे हित यांत संघर्ष आला तर आपण अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहू, असेही त्यांनी स्वच्छ सांगितले. या वाक्यावरून त्यांना आजवर किती शिव्या बसल्या! ते वाक्य युद्धावरील चर्चेत उच्चारले गेले, हे मात्र कोणी सांगत नाही. युद्ध संपल्यावर सत्ता कोणाच्या हाती जाणार आणि त्या सत्तेत महारवाड्याचे स्थान काय, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता. १ जानेवारी १९४३ च्या नभोवाणीवरील भाषणात त्यांनी त्याची दुसरी बाजू मांडली. नाझींची ‘नवी व्यवस्था’ वंशाच्या उतरंडीवर उभी आहे, ती जिंकली तर कामगाराला स्वातंत्र्य, समता, बंधुता यांपैकी काहीच उरणार नाही, आणि राष्ट्रवादाला देव्हाऱ्यात बसवायला कामगार तयार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जन्माने ठरणारी उतरंड म्हणजे काय, हे ज्याने अंगावर भोगले त्याला नाझीवाद समजायला २२ जूनची वाट पाहावी लागली नाही.

आणि डाव्यांच्या वर्गविश्लेषणात कधीच न बसलेली आणखी एक गोष्ट आहे. महारासाठी फौज ही केवळ साम्राज्याची चाकरी नव्हती. फौजेत पगार होता, पेन्शन होते, मुलांसाठी शाळा होती. सुभेदार रामजींच्या घरात जे अक्षर आले ते या वाटेने आले. १८९० नंतरच्या वर्षांत इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चे शास्त्र काढून ही भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्जांमागून अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. ही फसवणूक ताजी असताना बाबासाहेबांनी पुन्हा भरतीचा आग्रह धरला, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९४१ च्या जुलैत ते राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले, त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी उभी राहिली ती कामठीला, नागपूरपासून दहा मैलांवर.

याच नागपुरात १८ ते २० जुलै १९४२ या तीन दिवसांत मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. अध्यक्ष रावबहादूर एन. शिवराज होते. महिला परिषद झाली, समता सैनिक दलाची परिषद झाली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जन्माला आले. बाबासाहेबांची मजूरमंत्री म्हणून नेमणूक नुकतीच जाहीर झाली होती. तीन आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, देश पेटला. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीला रक्त सांडले. नागपुरात हिंदुस्थानी लाल सेनेच्या पोरांनी पोलिसांशी टक्कर घेतली, आणि त्यांच्यातला कोवळा शंकर महाले १९४३ च्या जानेवारीत फासावर गेला. एका जिल्ह्याच्या अंतरात एकीकडे फाशी आणि दुसरीकडे कामठीची भरती, असे ते दिवस होते. यांतले एक खरे आणि दुसरे खोटे असे म्हणण्याची माझी हिंमत होत नाही.

रॉयवाद्यांचा मामला वेगळा. फॅसिझमचा धोका त्यांनी आधी ओळखला हे त्यांचे श्रेय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखी माणसे त्या गटात होती, त्यांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण १९४१ मध्ये निघालेल्या त्यांच्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबरला युद्धप्रचारासाठी सरकारकडून दरमहा १३,००० रुपये मिळत होते. सरकारचा पैसा घेऊन कामगारांना सरकारचे युद्ध पटवायचे म्हटले की मग युक्तिवाद कितीही शुद्ध असो, कामगार त्याच्याकडे संशयानेच पाहणार. आयटकचे म्हणाल तर १९३८ मध्ये नागपूरलाच झालेल्या एकीकरणात राजकीय ठरावाला तीनचतुर्थांश बहुमत लागेल असे ठरले होते. त्यामुळे युद्धावर तिला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. १९४३ मध्ये तिचे अधिवेशन नागपूरला भरले, तेव्हा डांगे अध्यक्ष होते आणि ते स्वतः लोकयुद्धाच्या बाजूचे होते.

आता जे आपल्या लोकांना आवडणार नाही तेही लिहितो. युद्धाला कोळसा हवा होता. लष्करी बांधकामावर जास्त मजुरी मिळते म्हणून खाणकामगार खाणी सोडून जात होते. १९३७ पासून स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यास पूर्ण बंदी होती. १९४३ मध्ये ती उठवली गेली, आणि ती पहिल्यांदा उठली ती आपल्या मध्यप्रांतात. मजूरखाते बाबासाहेबांकडे होते. कामगार संघटनांनी आणि महिला संघटनांनी विरोध केला, कायदेमंडळात चर्चा झाली. १९४४ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी या निर्णयाचे समर्थन केले. ही तात्पुरती, आणीबाणीची गोष्ट आहे आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल अशी अट आपण घातली आहे, असे त्यांचे उत्तर होते. समान कामाला समान मजुरी हे तत्त्व त्या काळात सरकारी आसनावरून मांडले गेले ही साधी गोष्ट नव्हे. तरी त्या अंधारात उतरलेल्या बाया गोंड, महार, चांभार अशाच घरांतल्या असणार, आणि युद्धाला पाठिंबा द्यायचा की नाही हे त्यांना कोणत्याच पक्षाने विचारले नव्हते. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. आपल्या चरित्रग्रंथांत त्रिपक्षीय कामगार परिषदेवर पाने असतात आणि ती असावीत. या खाणीवर क्वचित एखादी ओळ सापडते.

डाव्यांच्या वह्यांतही अशी कोरी पाने आहेत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी तिथे जीव ओतून काम केले, अण्णा भाऊंनी त्यावरही लिहिले. पण ज्या सरकारच्या युद्धनीतीने भाताचा घास हिरावला, त्याच सरकारच्या युद्धाला ‘लोकांचे’ म्हणण्याची अडचण त्यांच्या लिखाणात जागोजाग चाचपडताना दिसते. आणि तरीही १९५२ मध्ये फेडरेशनविषयी ठराव करताना याच पक्षाने बाबासाहेबांना संधिसाधू आणि ब्रिटिशधार्जिणे ठरवले. दहा वर्षांपूर्वी आपण कोणत्या बाजूला होतो याची आठवण ठराव लिहिणाऱ्यांना नव्हती काय? महाडच्या सत्याग्रहात राबलेले रा. बा. मोरे तेव्हा त्याच पक्षात होते. जातीच्या प्रश्नावर ते पक्षाला वारंवार टोचत राहिले. त्यांचे ऐकले गेले असते तर हा ठराव कदाचित निराळा झाला असता.

इंग्रजांनी या पाठिंब्याची किंमत काय दिली? १६ मे १९४६ च्या कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांना स्वतंत्र स्थान नव्हते. फेडरेशन निवडणुकीत हरले होते, तेच कारण पुढे केले गेले. मंत्रिमंडळात चार वर्षे काढलेल्या माणसाच्या हाती काही पडले नाही. त्या जुलैत पुण्याच्या कौन्सिल हॉलसमोर फेडरेशनचा सत्याग्रह सुरू झाला, आणि पुढे नागपूरच्या विधानसभेसमोरही. इंदोऱ्यातून, पाचपावलीतून माणसे निघत होती आणि पोलिसांच्या गाड्यांत बसत होती. त्याच वर्षी महार रेजिमेंटचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि तिचे केंद्र कामठीला आले.